सुई तापेपर्यंत

कुसुम,

तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून उठली आणि तुझ्या मास्तरांनी मला खुणेनेच गॅलरीत बोलावलं. मला वाटलं, कारखान्यातल्या तुझ्या हिशेबाचं काही असेल. तर म्हणाले, "ताई, एक मागू का? कुसुमच्या हातचा शेवटचा कागद द्या मला. ते डोंगरवाले असतात ना, त्यातला. फ्रेम करून फोटोशेजारी लावतो. सुजाताला कळू दे, आपली आई काय काम करायची."

मी पटकन "हो" म्हणाले. दुःखाच्या घरात माणूस काहीही मागो, आपण होच म्हणतो. बसमध्ये बसल्यावर कळलं, मी काय कबूल करून बसले ते. तुझ्या हातचा शेवटचा कागद कुठला, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली एक आता हार घालून भिंतीवर बसली आहे आणि दुसरी सातपूरच्या बसमध्ये तोंड लपवून बसली होती.

मास्तर त्या दिवशी आणखी एक गोष्ट बोलले. ती मी पुढे सांगेन. आत्ता धीर होत नाही.

सुजाता मोठी होईल आणि एक दिवस विचारेल, "मावशी, आई तिथे नक्की करायची काय?" त्याची मी सध्या मनात तालीम करते. काय सांगू तिला? सांगेन, तुझी आई थेंबाची वाफ करायची. थिनरचा थेंब, थेंबाचाही बारीकसा अंश, काचेच्या सिरिंजमध्ये घ्यायचा आणि इंजेक्टरमध्ये मारायचा. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी पोकळ नळी. तोंडाला रबराची चकती, आतून तव्याहून कडक तापलेली. थेंब आत गेला की जागच्या जागी त्याची वाफ होते. ती वाफ गॅस पुढे ढकलतो, आणि लांबलचक वेटोळ्यातून जाता जाता थिनरमधलं एकेक द्रव्य सुटं होतं. पलीकडच्या टोकाला पेन कागदावर डोंगर काढत जातं. जो डोंगर मोठा, ते द्रव्य जास्त. भेसळ असली तर नको तिथे टेकडी उगवते. सगळा खेळ त्या पहिल्या वाफेचा. वाफ नीट झाली नाही तर पुढचं यंत्र कितीही शहाणं असो, ते खोटंच बोलणार.

सुरुवातीला तर आपण ते डोंगर कात्रीने कापून तराजूत तोलायचो, आठवतं? डोंगराचं वजन म्हणजे द्रव्याचं प्रमाण. पॅकिंगमधले लोक दारातून बघून हसायचे. "बीएस्सी करून बाया कागदं कातरायला लागल्या." तू मात्र अशी कापायचीस की रेघेची शाई अर्धी कागदावर राहावी आणि अर्धी कात्रीला लागावी. माझी कात्री बांधाबांधाने जायची. शेतकऱ्याची पोर, शेजारच्याचं थोडं आपल्यात घेतल्याशिवाय राहायची नाही.

आणि तो नियम. एका नमुन्याचे दोनदा डोंगर काढायचे, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरायचे. जुळले तर पास. आणि स्टँडर्ड, म्हणजे ताडून बघायचं शुद्ध द्रव्य, ज्याने मारला, नमुनाही त्यानेच मारायचा, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. साहेब कागद बघितला की पहिला प्रश्न विचारायचे, "हा कोणाचा हात?" आपल्या लॅबमध्ये हात म्हणजे माणसाचं नावच होतं. ज्याचे डोंगर वारंवार जुळेनात, त्याची रवानगी पॅकिंगमध्ये व्हायची. दोघांची झालेली आपण पाहिली होती.

तुझा हात आणि माझा हात, आपलं आयुष्यभराचं भांडण. तुझं म्हणणं असं, की थेंब सगळा वर काचेत ओढून घ्यायचा, रिकामी सुई आत घालायची, ती तापू द्यायची आणि मगच एका दमात ढकलायचं. सुई थंड असली तर हलकं ते आधी उडून जातं आणि जड ते सुईतच मागे राहतं. माझं म्हणणं, घाल, मार, काढ. सुई जितका वेळ आत, तितकी भानगड. सुई तापेपर्यंत तू डोळे अर्धवट मिटून एक श्वास घ्यायचीस, सोडायचीस, आणि श्वास संपता संपता अंगठा खाली जायचा. मी शेजारून म्हणायची, "बाई, ध्यान झालं असेल तर मारा आता." तू न बघता म्हणायचीस, "तुझं म्हणजे नामपूरचा कांद्याचा लिलाव आहे. बोली लागली की माल गाडीत."

डोंगर तुझेच जास्त जुळायचे. मला ते दिसत होतं. कबूल करायला जीभ काही उचलली नाही.

हे डोंगर काढणारं मशीन लॅबमध्ये आलं तो दिवस मी विसरलेले नाही. कोण शिकणार असं साहेबांनी विचारलं आणि सगळ्यांच्या आधी तू पुढे झालीस. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे आता यांचे हात लागणार मशीनला." कोण म्हणालं ते तुलाही कळलं, मलाही. माझ्याच नात्यातला होता. तू मागे वळून पाहिलं नाहीस. मी पाहिलं आणि गप्प बसले. पुढे त्याच मशीनवर तुझ्या हाताचं नाव झालं, मुंबईच्या ऑफिसातून फोन यायचा की हा नमुना कुसुमबाईंनाच मारायला सांगा. तो नातेवाईकही मग वाकून बघायला यायचा, तू सुई कशी धरतेस ते. म्हणून पॅकिंगची तुला इतकी धास्ती का, हे मला कधी विचारावं लागलं नाही.

एकदा सुट्टीत तुला नामपूरला घेऊन गेले होते. माझ्या आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, आठवडाभर ठसठसत होता. गावात सगळ्यांनी कोरून पाहिलं होतं. तू अंगणात बसलीस, तिचा पाय मांडीवर घेतलास, सुई दिव्यावर धरलीस आणि बोलता बोलता काटा बाहेर. आईला कळलंसुद्धा नाही. ती आल्यागेल्याला सांगत सुटली, "हाई पोरना हात कितला हलका शे!" मग तिने तुला आत चुलीपाशी बोलावलं आणि स्वतःच्या ताटात जेवायला घातलं. माझ्या आईला ओळखणाऱ्यांना विचार, केवढी मोठी गोष्ट होती ती. तू गेल्याचं तिला कळवलं तर म्हातारी बराच वेळ नुसती आपली टाच चोळत बसली.

आता त्या दिवसाचं. नाशिकची थंडी, लॅबच्या खिडक्यांना दव. तू नमुना दोनदा मारलास आणि कागद खिडकीला धरलेस. दुसरा डोंगर पहिल्याच्या खांद्याशीसुद्धा पोचत नव्हता. तू पुन्हा मारलास. पुन्हा तेच. मी हसले. खरंच हसले गं, मनातून बरं वाटलं मला. म्हणाले, "रात्री पायलीभराच्या भाकरी थापल्यास वाटतं!" तू म्हणालीस, "गारठ्याने बोटं आखडलीत." पण मी तुझ्या अंगठ्याकडे बघत होते. दट्ट्या दाबताना तो थांबत होता, मध्येच दम खाल्ल्यासारखा.

असं दोन-तीनदा झालं. मग एका सकाळी साहेब यायच्या आधी तू सिरिंज माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "माझ्यासारखं मार. तुझ्यासारखं नको."

तेवढंच. ना विनवणी, ना खुलासा. आणि मी मारलं. इतकी वर्षं जिची टिंगल केली, तो श्वास मी घेतला. पहिले काही कागद फसले. तू कानाशी उभी राहून पुटपुटायचीस, "घे... सोड... अजून नाही... आता." आठवडा गेला नाही तोच असे डोंगर यायला लागले की तुझे कुठले, माझे कुठले, मलाही सांगता येईना. साहेबांनी कागद उचलून विचारलं, "कोणाचा हात?" मी म्हणाले, "कुसुमचा." साहेब म्हणाले, "वाटलंच."

तुझी ती न जुळणाऱ्या कागदांची शेवटची जोडी मी घडी करून सेप्टमच्या, म्हणजे इंजेक्टरच्या रबरी चकत्यांच्या, खोक्याखाली सरकवून ठेवली. लॅबमध्ये वाईट कागद उघड्यावर ठेवायचा नसतो.

कुसुम, आज खरं बोलायचं तर ते आपले सगळ्यात मजेचे दिवस होते. साहेबांची पाठ वळली की सिरिंज तुझ्या हातातून माझ्या हातात, पावलं वाजली की पुन्हा तुझ्या हातात. कॉलेजातल्या पोरी परीक्षेत चिठ्ठ्या फिरवतात तशा आपण दोघी, पोरंबाळं असलेल्या बायका. दुपारी डबा खाताना हसून हसून ठसका लागायचा. तुझ्या डब्याचं झाकण मी उघडायची आणि त्याचीही आपण चेष्टाच करायचो. थंडी संपली, द्राक्षं आली, गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. तुझ्या अंगठ्यापाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो खाली बसला होता. मी पाहिला. रोज पाहत होते. एक-दोनदा म्हटलं, "अगं, डॉक्टरला दाखव." तू म्हणालीस, "दाखवते." मी पुन्हा विचारलं नाही.

का विचारलं नाही, ते स्वतःला विचारते आहे. तू पॅकिंगला जाशील ही भीती होतीच, ती खोटी नाही. पण तेवढीच नव्हती. मला तुझा हात व्हायला आवडत होतं. मुंबईहून फोन यायचा, कुसुमबाईंचा कागद पाठवा, आणि तो कागद माझा असायचा. जन्मात पहिल्यांदा माझे डोंगर जुळत होते. बरी झाली असतीस तर मला पुन्हा माझ्या हातावर यावं लागलं असतं. बघ, कशी बाई तुझी मैत्रीण म्हणवत होती.

आता मास्तर काय बोलले ते.

गॅलरीत उभे राहून म्हणाले, "ताई, डॉक्टर म्हणले, मानेच्या मणक्यात गाठ होती, शिरेवर दाबत होती. हातातला जोर कमी व्हायला लागला तवाच आणायला पाहिजे होतं. पण आम्हाला कळावं कसं? घरी तिच्या हातून कपबशी सुटायची. मी म्हणायचो, चल, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तर ती पिशवीतून तुमच्या लॅबचे कागद काढायची, दोन दोन, आणि खिडकीला धरायची. म्हणायची, बघा बरं, जुळतात का नाही? हात बिघडला असता तर असे जुळले असते का? नुसता थकवा हाय मला. आता मी गणिताचा मास्तर. समोर पुरावा धरल्यावर मी काय बोलू?"

आणि हसले बिचारे. वर मलाच म्हणाले, "कामात मात्र शेवटपर्यंत चुकली नाही, एवढं समाधान हाय."

मला वाटायचं, ते रद्दीचे कागद तू सुजाताला पाठीमागे गणितं करायला नेतेस.

त्या रात्रीपासून मला तुझा राग येतो आहे. होय, राग. मी तुझ्या हाताने साहेबांना फसवत होते आणि तू माझ्या हाताने मास्तरांना. मला निदान सांगायचंस तरी. मी मुद्दाम एक डोंगर वाकडा मारला असता. मग वाटतं, मारला असता का? खरंच? मला तर इतकं छान जमायला लागलं होतं.

तुला मुंबईला नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी इथल्या दवाखान्यात आले होते. तुझा उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्याच कोणाचा असावा असा. मास्तर औषधं आणायला खाली गेले होते. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं, की चल, दोघी मिळून सांगून टाकू त्यांना. तू म्हणालीस, "आता तरी कबूल कर. माझी पद्धत बरोबर ना?" आणि मी, आखाड्यातून न उतरलेली, म्हणाले, "बरी होऊन ये, मग भांडू." तू डोळे मिटलेस. एक श्वास घेतलास आणि सोडलास. मला वाटलं, आता हसशील.

कबूल, कुसुम. तुझीच बरोबर होती. सुई तापू द्यायलाच हवी. घाईने मारलं की हलकं तेवढं उडून जातं, जड ते मागे राहतं. माझ्याकडे आता तेच राहिलं आहे.

बरेच दिवस मी मास्तरांकडे गेले नाही. एक मन म्हणत होतं, देऊन टाक त्यातलाच एखादा सुंदर कागद. माणसाला तेवढंच समाधान आहे, ते काढून घेऊन तुला काय मिळणार? स्वतःच्या जिवाला हलकं वाटावं म्हणून दुसऱ्याच्या घरात धोंडा टाकायचा? आणि दुसरं मन म्हणत होतं, तो आयुष्यभर त्या कागदासमोर उभा राहून म्हणेल, ही माझी बायको, आणि तो कागद असेल माझ्या हातचा, कुसुम. तुझ्या हाताला लोकांनी आधी नावं ठेवली, मग त्याची कीर्ती गायली. आता भिंतीवरसुद्धा त्याची जागा मीच घ्यायची?

काल रविवारी सेप्टमच्या खोक्याखालची घडी पर्समध्ये टाकून तुझ्या घरी गेले.

मास्तर दारातच होते. "जय भीम ताई, या, या." फ्रेम आणून ठेवली होती, काच पुसून लख्ख. सुजाता आत अभ्यास करत होती. मी बसले नाही. कागद हातात दिले. त्यांनी ते उलगडले, एकावर एक ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उजेडाला धरले, थेट तू धरायचीस तसे. तूच शिकवलं असणार.

"ताई, हे तर जुळत नाहीत."

"नाही जुळत," मी म्हणाले. "हा तिच्या हातचा शेवटचा. यानंतरचे माझे आहेत."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. सिरिंज, श्वास, साहेब, तुझा अंगठा, माझं हसणं. पॅकिंगचं सांगितलं, पण सबब म्हणून नाही सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. कागद अजून वरच धरलेले. माझं बोलणं संपलं तरी हात खाली आला नाही.

"यानंतरचे सगळे?"

"सगळे."

ते आत गेले. कॉटखालची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते कागदांचा गठ्ठा घेऊन, सुतळीने नीट बांधलेला. एकेक कागद तू किती जपून नेला होतास गं. आवाज चढवला नाही त्यांनी. शाळेत पोराला वही परत करतात तसा गठ्ठा माझ्यापुढे धरला.

"मग हे तुमचे. घेऊन जा."

मी घेतला. चहाचं ते बोलले नाहीत, मीही वाट पाहिली नाही. अर्धा जिना उतरले असेन, वरून सुजाताचा आवाज आला, "पप्पा, हा वाकडाच काय लावता? ते दुसरे छान होते ना?"

 मग मास्तर म्हणाले, "हा तुझ्या आईचा हाय."

घरी येऊन मी सुतळी सोडली आणि दोन दोन कागद काढून दिव्यासमोर धरत बसले.

जुळतात, कुसुम. एकूण एक जुळतात.